लो प्रोफाइल टायर : शोभा किती आणि काम किती?

गाडी घेताना आपले व्यापारी बांधव सर्व गोष्टींची चौकशी करतात. मायलेज किती, कर्जाचा हप्ता किती, विकताना भाव काय येईल, सर्व्हिस सेंटर जवळ आहे की नाही. पण गाडी ज्या चार टायरांवर उभी असते त्यांच्याबद्दल फारसे कोणी विचारत नाही. विक्रेता साध्या मॉडेलशेजारी टॉप मॉडेल उभे करून दाखवतो. मोठी चकचकीत अलॉय रिम आणि तिच्याभोवती रबराची बारीक पट्टी. घरातल्या तरुण मुलांना ते लगेच पसंत पडते. काही जण तर साधी गाडी घेऊन महिन्याभरात बाहेरून मोठ्या रिम आणि बुटके टायर बसवून आणतात. यालाच बाजारात ‘लो प्रोफाइल’ टायर म्हणतात.

हा टायर वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. तो एका विशिष्ट कामासाठी बनला आहे. ते काम आपले आहे का, आणि नसेल तर त्याची किंमत आपण कुठे कुठे मोजतो, हे समजून घेणे जरुरीचे आहे. कापडाचा पन्हा आणि सुताचा नंबर पाहिल्याशिवाय आम्ही माल उचलत नाही. तोच कायदा टायरलाही लावावा, एवढेच सांगायचे आहे.

टायरवरचे आकडे कसे वाचावेत

टायरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक माप छापलेले असते. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५. यातला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, १८५ मिलिमीटर. हा टायरचा पन्हा समजा. दुसरा आकडा ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. पण हा आकडा मिलिमीटरमध्ये नसून टक्क्यांत असतो. रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

या मधल्या आकड्यावरच सर्व खेळ आहे. तो जितका लहान, तितकी रबराची भिंत बुटकी. लो प्रोफाइल कुठून सुरू होते याची पक्की रेषा नाही, पण सामान्यपणे आकडा ५५ च्या खाली उतरला की टायर त्या वर्गात धरतात.

आता एक उदाहरण पाहा. मारुती स्विफ्टच्या साध्या मॉडेलांना १६५/८० आर १४ हा टायर आणि वरच्या मॉडेलांना १८५/६५ आर १५ हा टायर कंपनीने दिला. बलेनोमध्ये साध्या मॉडेलांना १८५/६५ आर १५ आणि वरच्यांना १९५/५५ आर १६. या तिन्ही टायरांची बाहेरची उंची काढली तर ती जवळपास एकच येते, ६२० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे रिम मोठी झाली म्हणून चाक मोठे झाले असे नाही. लोखंड किंवा अलॉय वाढले आणि रबर तेवढेच कमी झाले. १६५/८० मध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर भिंत आहे, १८५/६५ मध्ये १२०, १९५/५५ मध्ये १०७. याच उंचीच्या चाकात कोणी बाहेरून २०५/४५ आर १७ बसवला तर ती फक्त ९२ मिलिमीटर उरते.

टायर म्हणजे शेवटी कापडच

आमच्या धंद्यातल्या लोकांना टायरची बांधणी समजावणे सोपे आहे. मोटारीचा टायर आतून कापडच असतो. मजबूत धाग्यांचे, बहुतेक वेळा पॉलिएस्टरचे, कापड विणून त्यावर रबर चढवलेले असते. या कापडात सगळी ताकद ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत असते. आडवा धागा अगदी विरळ असतो. उभे धागे जागेवर राहावेत एवढेच त्याचे काम. रेडियल टायरमध्ये हे उभे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात.

रस्त्याला लागतो त्या भागाखाली पोलाद आहे, पण बाजूच्या भिंतीत प्रामुख्याने हे धागे आणि रबरच आहे. गाडी खड्ड्यात गेली की भिंत दबते, वाकते आणि धक्का पचवते. भिंत उंच असेल तर वाकायला जागा असते. भिंत बुटकी असेल तर ती लवकर संपते, आणि खड्ड्याची कड व रिमची कड यांच्यामध्ये कापड चिमटले जाते. धागे तुटतात. बाहेरून रबर शाबूत दिसते, पण आतली हवा त्या कमजोर जागेतून बाहेर दाब देते आणि भिंतीवर फुगा येतो. ताणा तुटलेल्या कापडाला रफू करून त्याची मूळची ताकद परत येत नाही. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो काढून टाकणे हाच एक इलाज आहे. असा टायर हमरस्त्यावर वेगात कधी फुटेल याचा भरवसा नसतो.

फायदे कोणते?

हा टायर आला कुठून हे पाहिले म्हणजे त्याचे फायदेही समजतात. इटलीच्या पिरेली कंपनीने १९७० च्या दशकात पी-७ नावाचा रुंद आणि बुटका टायर काढला. पोर्शे ९११ टर्बोसारख्या वेगवान गाड्यांना तो बसू लागला. उद्देश असा की वेगात वळण घेताना टायरची भिंत लचकू नये.

पहिला फायदा हाच आहे. भिंत बुटकी आणि कडक असल्यामुळे स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते. उंच भिंतीचा टायर आधी थोडा लचकतो, मग गाडी वळते. घाटातल्या वळणावर किंवा एक्स्प्रेस वेवर लेन बदलताना हा फरक जाणवतो.

दुसरा फायदा, टायर रुंद असल्यामुळे कोरड्या आणि चांगल्या रस्त्यावर पकड चांगली राहते.

तिसरा फायदा, मोठ्या रिमच्या आत मोठा ब्रेक बसतो. भारी इंजिनाच्या, वेगवान गाडीला याची खरोखर गरज असते. मात्र बाहेरून नुसती रिम मोठी केली आणि आतला ब्रेक तोच राहिला, तर हा फायदा मिळत नाही.

चौथा फायदा म्हणजे रूप. गाडी उठावदार दिसते हे नाकारून चालणार नाही, आणि विकताना काही गिऱ्हाइके त्याला भाव देतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. मोटार शर्यतींमध्ये सर्वांत वरची समजली जाणारी फॉर्म्युला वन २०२१ पर्यंत १३ इंची रिम आणि उंच भिंतीच्या टायरांवरच धावत होती. १८ इंची रिम आणि बुटके टायर तिथे २०२२ साली आले. तेव्हा बुटका टायर म्हणजेच वेग, ही समजूत काही पूर्ण खरी नाही.

तोटे कोणते?

पहिला तोटा वर सांगितलाच : खड्डा. पावसाळ्यात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा कापडाच्या गावांतल्या रस्त्यांवर पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे कळत नाही. अशा जागी टायरबरोबर रिमही वाकते किंवा तिला तडा जातो.

दुसरा, धक्के. जो धक्का टायरने पचवायचा तो पुढे शॉकॲब्सॉर्बर, बुश, बॉल जॉइंट आणि शेवटी आपल्या कमरेपर्यंत जातो. आठवड्यातून तीन दिवस वसुलीसाठी फिरणाऱ्या माणसाला हा तोटा लहान नाही.

तिसरा, पाणी. टायर रुंद झाला की साचलेले पाणी बाजूला सारायला त्याला जास्त कष्ट पडतात. वेगात गाडी पाण्यावर तरंगण्याचा धोका रुंद टायरला अधिक, आणि नक्षी झिजलेली असेल तर फारच अधिक. नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीच्या लहान पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला असे समजावे.

चौथा, हवा. उंच टायरमध्ये हवा कमी झाली की तो बसलेला दिसतो. बुटका टायर कमी हवेतही ताठ दिसतो, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज चुकतो. कमी हवेचा टायर वेगात धावला की भिंत सारखी वाकून तापते आणि फुटते. नागपूरहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. अशा रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने गाडी पळते. निघण्यापूर्वी टायर थंड असताना गेजने हवा मोजणे हे कोणत्याही टायरला जरुरीचे, बुटक्या टायरला तर विशेष. बहुतेक गाड्यांत दाबाचे आकडे ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर छापलेले असतात. अनेक गाड्यांच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तोही पाहावा.

पाचवा तोटा किमतीचा. रिमचा इंच वाढला की टायरचा भाव वाढतो. शिवाय मोठ्या शहराबाहेर हे माप हमखास मिळेल असे नाही. एका टायरसाठी गाडी दोन दिवस अडकून पडली तर तो तोटा टायरच्या भावात दिसत नाही.

वजनाची गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही

आपली गाडी ही नुसती फिरण्याची गाडी नसते. मागच्या सीटवर नमुन्यांच्या पेट्या, डिकीत तागे, वर घरातली चार माणसे. मध्यम वजनाच्या कापडाचा शंभर मीटरचा तागा पंधरा किलोच्या आसपास भरतो. आठ तागे म्हणजे दोन मोठी माणसे झाली.

वजन रबर उचलत नाही, रबराच्या आतली हवा उचलते. भिंत बुटकी झाली की आतल्या हवेची जागा कमी होते. म्हणून टायरच्या मापापुढे आणखी एक आकडा छापलेला असतो. १८५/६५ आर १५ पुढे बहुधा ८८ आणि एक इंग्रजी अक्षर दिसेल. हा वजनाचा निर्देशांक आहे. ८८ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो. त्याच उंचीच्या २०५/४५ आर १७ या टायरचा साधा प्रकार ८४ चा असतो. ८४ म्हणजे ५०० किलो. एका चाकामागे ६० किलो कमी, चार चाकांत २४० किलो कमी. टायर रुंद दिसतो, भारी दिसतो, भाव जास्त घेतो आणि वजन मात्र कमी उचलतो.

यावर उपाय म्हणून जादा वजनाचे टायर मिळतात. पण त्यांची पूर्ण ताकद मिळवायची तर हवेचा दाब जास्त ठेवावा लागतो, आणि गाडी आणखी कडक होते. आकड्यापुढचे अक्षर वेगाचे असते. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. आपल्या वापरात वेगापेक्षा वजनाचा आकडाच महत्त्वाचा. डिकी भरली की वजन चार चाकांवर सारखे बसत नाही, मागच्या दोन चाकांवर जास्त येते. म्हणून कायदा एकच ठेवावा : कंपनीने दिलेल्या टायरवर जो निर्देशांक आहे, त्याच्या खालचा टायर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

थोडा हिशेब मांडू या

टायरचा भाव पाहू नये, किलोमीटरचा भाव पाहावा. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या दुकानदाराचे आकडे घालावेत.

समजा साधा टायर ५,००० रुपयांचा आणि चारही मिळून ४५,००० किलोमीटर चालतात. खर्च २०,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४४ पैसे. समजा बुटका टायर ९,००० रुपयांचा, चालतो ३५,००० किलोमीटर, आणि त्या काळात एक टायर खड्ड्यात जातो. खर्च पाच टायरांचा, ४५,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे १ रुपया २९ पैसे. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याला फरक पडतो साडेबारा हजारांच्या वर. महिन्याला हजार रुपये ही रक्कम टायरच्या रूपासाठी खुशीने द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण माहीत असून द्यावी. रिम वाकली तर तिचा खर्च वेगळा.

विमा भरून देईल, या भरवशावर राहू नये. मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत नुसत्या टायरचे नुकसान धरत नाहीत. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायर मिळतो, आणि तोही नवा घालण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंतच. टायरसाठी वेगळे जादा कवच मिळते, त्याचा हप्ता वरील हिशेबात धरावा. बाहेरून रिम आणि टायरचे माप बदलले असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून ठेवावे, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद निघतो.

स्टेपनीचाही प्रश्न आहे. केंद्र सरकारने २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल केला. गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. पण भिंत फाटली तर हे साहित्य उपयोगी पडत नाही. काही गाड्यांत स्टेपनी असते, पण ती लहान मापाची असते आणि तिच्यावर मर्यादित वेगानेच जाता येते. गाडी घेण्याआधी डिकीचा तळ उघडून पाहावा.

कोणी घ्यावा, कोणी टाळावा?

ज्यांचे फिरणे बहुतांशी चांगल्या शहरी रस्त्यांवर आणि एक्स्प्रेस वेवर आहे, गाडीत वजन कमी आहे, गाडी मुळातच मोठ्या इंजिनाची आहे आणि कंपनीनेच त्या मापाचा टायर दिला आहे, त्यांनी तो बिनधास्त वापरावा. हवा दर पंधरा दिवसांनी मोजावी आणि खड्ड्यात वेग कमी ठेवावा.

ज्यांची गाडी गावोगावच्या बाजारांत जाते, माल वाहते, पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर उतरते, त्यांनी उंच भिंतीचाच टायर घ्यावा. दोन मॉडेलांत घुटमळत असाल तर साध्या मॉडेलचा टायर हा त्या मॉडेलचा कमीपणा नव्हे, हे लक्षात ठेवा. पण एक गोष्ट तपासा : साध्या मॉडेलमध्ये एअरबॅग वगैरे सुरक्षेच्या वस्तू कमी तर नाहीत ना? टायर वाचवण्यासाठी त्या सोडू नयेत. तसे असेल तर वरचे मॉडेल घ्या, आणि साध्या मॉडेलच्या मापाची रिम व टायर त्या गाडीच्या ब्रेकवर बसतात का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

घरच्या मुलांनी बाहेरून टायर बदलायचा हट्ट धरला तर तीन प्रश्न विचारा. चाकाची बाहेरची उंची तेवढीच राहते का? ती बदलली तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. वजनाचा निर्देशांक कमी होत नाही ना? आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर किंवा गाडी भरल्यावर टायर मडगार्डला घासत नाही ना? तिन्ही उत्तरे समाधानकारक नसतील तर ‘नको’ म्हणावे.

टायरच्या धंद्यातल्या कारागिरांसाठी

हे टायर आता लहान गावांतही येऊ लागले आहेत. कडक भिंतीचा टायर हाताच्या पट्टीने उतरवताना रिमवर ओरखडे पडतात आणि टायरची कड फाटते. बुटक्या टायरसाठी मदतीचा दांडा असलेले यंत्र लागते. ज्यांचा धंदा हमरस्त्यावर आहे त्यांनी या गुंतवणुकीचा विचार करावा. भिंतीतले पंक्चर काढू नये, गिऱ्हाईक कितीही गळ घालो. अलॉय रिमचा तडा वेल्डिंग करून दिल्यास ती पुन्हा वेगात तुटू शकते. पुढे काही घडले तर जीव गिऱ्हाइकाचा जातो आणि नाव दुकानाचे जाते.

शेवटी, नवा टायर घेताना त्याच्यावरची चार अंकी तारीख वाचायला विसरू नका. २३२५ असे असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. चारही टायरांवरची तारीख पाहा, वजनाचा आकडा जुन्या टायरशी ताडून पाहा, बिलावर मापासह लिहून घ्या, आणि मगच पैसे द्या.